मंगळवेढ्याचा गळा : गायक प्रल्हाद शिंदे

आपल्या दिंडीला शंभर वर्षं पुरी झाली. त्यानिमित्त हे पुस्तक निघतंय आणि त्यात एका मोठ्या माणसाचं चरित्र लिहायची सेवा मंडळींनी आम्हाला दिली. संतांची चरित्रं लिहायला या पुस्तकात जाणते महाराज लोक आहेत. आमची शाळा चौथीपर्यंत, बाकीचं शिक्षण वावरात आणि टाळावर झालेलं. म्हणून आम्ही असा माणूस निवडला की ज्याचा आवाज तुम्ही सगळ्यांनी ऐकलाय. वारीच्या वाटेवर चहाच्या टपरीवर ऐकलाय, गावच्या सप्त्यात स्पीकरवर ऐकलाय, एसटी स्टँडावर, यात्रेत, सत्यनारायणाच्या मांडवात ऐकलाय. पण त्या माणसाचं नाव काय, गाव कोणतं, तो कुणाचा कोण, हे विचारलं की पुष्कळ माळकरी गप्प होतात. गाणं पाठ आणि गाणारा ठाऊक नाही. हे बरं नव्हं. ज्याच्या आवाजावर आपले पाय उचलले त्याचं एवढं देणं आपल्यावर आहेच.

त्या माणसाचं नाव प्रल्हाद भगवानराव शिंदे. मूळ गाव मंगळवेढे, जिल्हा सोलापूर. जन्म १९३३ चा आणि देह ठेवला तो २३ जून २००४ ला.

आता मंगळवेढे म्हटल्यावर वारकऱ्याला वेगळं सांगायची गरज नाही. पंढरपूरपासून पंचवीसेक किलोमीटरवरचं हे गाव. काळीभोर जमीन आणि ज्वारी अशी की दुसरीकडे तशी भाकरी मिळत नाही. पण आपल्या दृष्टीनं ते संतांचं गाव. दुष्काळात सरकारी कोठारं रयतेला मोकळी करून देणारे दामाजीपंत इथले. दामाजींना बेदरच्या बादशहानं पकडून न्यायला माणसं धाडली, तेव्हा देवानं विठू महाराचं रूप घेतलं, डोईला मुंडासं, खांद्याला घोंगडी, हातात काठी, आणि दरबारात जाऊन धान्याची रक्कम भरून पावती घेतली, ही कथा आम्ही कीर्तनात किती वेळा लावली असेल त्याची गणती नाही. कान्होपात्रा याच गावची. तिच्या आईचं घर गाण्या-नाचण्याचं. ते सगळं टाकून ती पोर वारकऱ्यांच्या मागं पंढरीला निघाली.

आणि चोखोबा याच गावचे. चोखोबांचं घर कसं होतं ते ध्यानात घ्या. एकटे चोखोबाच नाही, बायको सोयराबाई अभंग करणारी, बहीण निर्मळा अभंग करणारी, मेहुणा बंका अभंग करणारा, मुलगा कर्ममेळा अभंग करणारा. सगळं घरच गाणारं. दिवसभर मेलेली ढोरं ओढायची, गावकुसाची कामं करायची, आणि रात्री हे घर देवाला आळवायचं. शके १२६० मध्ये, म्हंजे इसवी सन १३३८ ला, मंगळवेढ्याच्या गावकुसाची भिंत बांधताना ती अंगावर पडली आणि चोखोबा त्यात गेले. नामदेवरायांनी जाऊन त्यांच्या अस्थी पंढरीला आणल्या आणि महाद्वारापुढं समाधी दिली. नामदेवाच्या पायरीला लागतो तसं आपण त्या समाधीलाही हात लावतो. पण चोखोबा जिवंत असताना महाद्वाराच्या आत गेले नाहीत. त्यांच्या माघारी त्यांच्या समाजालाही सहाशे वर्षं तेच महाद्वार, तिथंच बाहेर उभं राहणं.

ही एवढी प्रस्तावना कशाला, असं म्हणाल. प्रल्हाद शिंदे यांचा गळा कुठल्या मातीतून उगवला ते कळावं म्हणून. ज्या समाजाला देवळाची पायरी बंद होती त्याच समाजातलं हे घर. आणि हेही घर गाणारं.

वडील भगवानराव, आई सोनाबाई. दोघंही भजन-कीर्तनाच्या नादाचे. त्यांच्या संगतीनं पोरगं गायला शिकलं. गाणाऱ्या घरात पोराला कुणी बसवून सारेगम शिकवत नाही. आम्ही आमच्याकडं बघितलंय, पोर आधी आईच्या मांडीवर ठेका ऐकतं, मग त्याच्या हातात टाळ देतात, मग म्हणतात, ध्रुपद आलं की तू मागं म्हण. त्या मागं म्हणण्यातच सगळी शाळा असते. पुढचा कुठं श्वास घेतो, कुठं थांबतो, कुठं शब्द ओढतो, ते पोरगं बघत राहतं. आपल्यात झिलकऱ्याला लोक कमी समजतात, पण चांगला झिलकरी झाल्याशिवाय चांगला बुवा होत नाही. आई-बापाच्या मागं म्हणत म्हणत प्रल्हाद शिंदे यांचा गळा तयार झाला. त्यात शास्त्राचा गुरू नव्हता. लोकांपुढं गाऊन लोकांनी मान हलवली का नाही हीच परीक्षा.

त्या काळात पंढरीत काय चाललं होतं तेही सांगितलं पाहिजे. गाडगेबाबांनी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा बांधली होती, कारण ज्यांना कुठल्या मठात पथारी टाकू देत नव्हते अशा वारकऱ्यांना आषाढीला टेकायला जागा नव्हती. पुढं १९४९ मध्ये बाबांनी ती वास्तू बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. त्याच्या आधी साने गुरुजींनी सगळा महाराष्ट्र फिरून पांडुरंगाचं देऊळ सर्वांना मोकळं करा असं सांगितलं. ऐकेनात तेव्हा १ मे १९४७ ला पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात गुरुजी उपोषणाला बसले. दहा दिवस अन्न नाही. मग देऊळ मोकळं झालं. त्या वेळी विरोध करणाऱ्यांत माळकरी होते, कीर्तनकारही होते, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. तनपुरे महाराजांसारखे गुरुजींच्या बाजूनं उभे राहिले तेही माळकरीच.

प्रल्हाद शिंदे तेव्हा चौदा वर्षांचे. पंचवीस किलोमीटरवर विठोबा, आणि वयाची चौदा वर्षं होईपर्यंत त्याच्या पायावर डोकं ठेवायची सोय नाही. आणि हाच गळा पुढं अख्ख्या महाराष्ट्राला पंढरीची वाट चालायला लावणार होता. देवाची लीला म्हणा, नाहीतर माणसाच्या मोठेपणाची गोष्ट म्हणा, आम्ही दोन्ही म्हणतो.

पुढं पोट आणि गाणं दोन्ही मुंबईकडं घेऊन गेलं. त्या मुंबईत गिरणीचे भोंगे, चाळी, झोपड्या, आणि रात्री चाळीच्या चौकात मांडव घालून गाण्याचे कार्यक्रम. कव्वालीचा तो जमाना होता. समोरासमोर दोन पार्ट्या बसायच्या. हार्मोनियम, ढोलकी, तबला, टाळ्यांचा ठेका, मागं कोरसाची रांग. एका पार्टीनं गाण्यातून सवाल टाकायचा आणि दुसरीनं गाण्यातूनच जबाब द्यायचा. रात्र उजाडेपर्यंत सामना चालायचा. आवाज बसला की हरला. ऐकणारे हजारो, आणि कष्टकरी माणूस दिवसभराच्या पाळीनं दमून आलेला, त्याला जागं ठेवायचं म्हंजे गळा तसाच लागतो. या कव्वालीनं प्रल्हाद शिंदे यांच्या आवाजाला धार दिली. उंच पट्टी, उघडा गळा, आणि शब्द मात्र स्वच्छ. मांडवाच्या शेवटच्या माणसाला प्रत्येक अक्षर कळलं पाहिजे. आमच्या नवीन कीर्तनकारांनी हे शिकण्यासारखं आहे. आलाप भरपूर घेतात, पण शब्द खाऊन टाकतात.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी लाखो लोकांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. त्यांच्या माघारी त्यांचा विचार वस्तीवस्तीत कुणी नेला असेल तर तो गाणाऱ्यांनी. वामनदादा कर्डकांसारखे कवी गावोगाव हिंडले, श्रावण यशवंते, विठ्ठल उमप यांच्यासारखे गायक उभे राहिले. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना गाण्यातून बाबासाहेब कळले. आपल्याकडं ज्ञानोबा-तुकोबा लोकांपर्यंत कसे पोचले? पोथी किती जणांनी वाचली? कीर्तनातून, भजनातूनच पोचले की. तीच रीत ही. प्रल्हाद शिंदे याच प्रवाहातले. बाबासाहेबांना मानणारं त्यांचं घर आणि भीमगीतं त्यांनी मोप गायली. आजही १४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला वस्त्यांमधून त्यांचा आवाज ऐकू येतो.

आता चरित्रातली मोठी गोष्ट येते, ती म्हंजे त्यांच्या स्वतःच्या नावाची तबकडी.

नव्या पोरांना हे कळायचं नाही, त्यांच्या खिशातल्या मोबाईलमध्ये हजार गाणी असतात. आमच्या लहानपणी गाणं ऐकायचं तर तबकडी लागायची. आमच्याकडं तिला तवाच म्हणत. काळी, गोल, मधे रंगीत कागद, त्यावर भोंग्यापुढं बसलेल्या कुत्र्याचं चित्र. ती एच.एम.व्ही. कंपनी. छोट्या तव्याच्या एका बाजूला तीन-चार मिनिटांचं गाणं बसायचं, मोठा तवा असला तर एका बाजूला वीसेक मिनिटं. त्या कागदावर गाण्याचं नाव, कवीचं नाव, संगीत देणाऱ्याचं नाव आणि गाणाऱ्याचं नाव छापलेलं असायचं. ज्यांच्या बापजाद्यांचं नाव गावच्या कुठल्या कागदावर कधी मानानं लिहिलं गेलं नाही, त्या घरातल्या पोराचं नाव तिथं छापून आलं, गायक प्रल्हाद शिंदे. ही गोष्ट लहान समजू नका.

मांडवातलं गाणं आणि तबकडीचं गाणं यात जमीन-अस्मानाचा फरक. मांडवात रात्र आपली असते. एक शब्द दहा वेळा फिरवा, लोक दाद देतील तशी चाल चढवा, चुकलं तर हसून पुढं जा. तबकडीला तीन-चार मिनिटं. घड्याळ लावलेलं. समोर माणूस नाही, बंद खोली आणि पुढ्यात माईक. दाद नाही, टाळी नाही. तेवढ्यात देव उभा करायचा, वाट उभी करायची, ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आणायचं आणि गाणं संपवायचं. आम्ही दोन तास कीर्तन करतो तरी कधी कधी शेवटपर्यंत रंग भरत नाही. ज्यांना चार मिनिटांत रंग भरता येतो त्यांना आम्ही हात जोडतो.

घराण्याच्या मेळ्यात गाणारा एकट्याच्या नावानं तबकडी करतो तेव्हा दोन गोष्टी होऊ शकतात. एक तर तो घरचा ढंग सोडून शहरी होतो, गोड गोड गायला लागतो. नाहीतर घरचाच ढंग घेऊन पुढं येतो. प्रल्हाद शिंदे यांनी गळा बदलला नाही. जो आवाज वस्तीच्या चौकात होता तोच तबकडीत उतरला. त्यात खेड्याची माती राहिली. म्हणूनच शेतकऱ्याला, मजुराला तो आवाज ऐकल्यावर आपल्याच घरचं कुणीतरी गातंय असं वाटलं.

त्यांचं सगळ्यांत गाजलेलं गाणं म्हंजे पाऊले चालती पंढरीची वाट. शब्द दत्ता पाटील यांचे, संगीत मधुकर पाठक यांचं. शब्द आम्ही इथं लिहीत नाही, तुम्हाला ते पाठच आहेत. पण त्या गाण्याची चाल का लागते ते एक गाणारा म्हणून सांगतो. त्या चालीचा ठेका पायाचा आहे. एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, असा. फार जलद नाही, नाहीतर म्हातारं माणूस मागं पडंल. फार संथ नाही, नाहीतर पाय जड होतील. दिवे घाट चढताना दम कुठं लागतो ते ज्यानं वारी केली त्याला ठाऊक. तसा दम घ्यायला त्या गाण्यात जागा आहे. आणि ध्रुपद आलं की मागचा कोरस उचलतो. त्या कोरसात ऐकणारा आपसूक मिळतो. म्हणून आम्ही म्हणतो की ती तबकडी एकट्याच्या नावाची असली तरी गाणं एकट्याचं राहिलं नाही. त्यांच्या मागं म्हणायला सगळा महाराष्ट्र बसला. आई-बापाच्या मागं म्हणणारं पोर पुढं गायला लागलं आणि लाखो माणसं त्याचे झिलकरी झाले.

चंद्रभागेच्या तीरी हे गाणंही त्यांचंच. दुरून आलेला वारकरी वाळवंटात उभा राहून विटेवरच्या देवाकडं बोट दाखवतो, तसं ते गाणं आहे. जैसे ज्याचे कर्म हे त्यांचंच, ते खेड्यापाड्यात म्हणीसारखं बोललं जातं. सत्यनारायणाची कथा त्यांनीच गायली आणि ती लोकांनी घरोघर लावली. गणपतीच्या दिवसात वाजतं ते तूच सुखकर्ता हे गाणं त्यांच्याच आवाजातलं. त्याचे शब्द हरेंद्र जाधव यांचे, जे भीमगीतं लिहिणारे मोठे कवी, पेशानं शिक्षक. बघा, बाबासाहेबांची गाणी लिहिणारा कवी आणि बाबासाहेबांची गाणी गाणारा गायक, आणि त्यांचं गाणं वाजतंय गणपतीच्या मांडवात. मांडवातल्या पोरांना याचा पत्ताही नसतो.

तबकडीनंतर कॅसेटचा जमाना आला. कॅसेट स्वस्त, तबकडीसारखी फुटायचं भय नाही, आणि टेप घराघरात आला. मग तर हा आवाज ट्रॅक्टरवर, ट्रकमध्ये, रसाच्या गुऱ्हाळावर, किराणा दुकानात सगळीकडं गेला. पंढरपुरात प्रदक्षिणा मार्गावर कुंकू-बुक्क्याच्या दुकानाशेजारी कॅसेटची दुकानं लागायची आणि वारकरी प्रसादाच्या चुरमुऱ्याबरोबर एक कॅसेट घरी न्यायचा. जी म्हातारी माणसं गुडघ्यामुळं वारीला येऊ शकत नव्हती त्यांची वारी अंथरुणावर या गाण्यानं झाली, हे आम्ही पुष्कळ घरांत बघितलंय.

इथं एक वाद आहे, तोही लिहिला पाहिजे. आपल्या दिंडीत संतांचे अभंगच म्हणतात. काकडा, मग मंगलाचरण, रूपाचे अभंग, गौळण, हरिपाठ, असा क्रम बांधून दिलेला आहे आणि विणेकरी तो मोडू देत नाही. तबकडीवरचं गाणं या क्रमात बसत नाही, आणि ते बसवूही नये असंच आमचंही मत आहे. परंपरेचा बांध फुटला तर पाणी सगळीकडं पसरंल आणि पिकाला मिळायचं नाही. पण काही मंडळी एवढ्यावर थांबत नाहीत. ही स्पीकरची गाणी, करमणुकीची गाणी, असं म्हणून नाक मुरडतात. ते आम्हाला पटत नाही. विहिरीला बांधीव पायऱ्या असतात आणि बाजूला गुरांसाठी डोणीही असते. पाणी एकच. दिंडीतला अभंग ही पायरी आहे. टपरीवरचं गाणं ही डोण आहे. ज्याला माळ नाही, ज्यानं पोथी उघडली नाही, जो नुसता ट्रक चालवतो, त्याची तहान त्या डोणीवर भागते. आणि अशातले किती जण पुढं माळ घालून दिंडीत आले ते आमच्या डोळ्यांपुढं आहेत.

दुसरा प्रश्न लोक असा विचारतात की हा माणूस बाबासाहेबांना मानणारा, मग विठ्ठलाची गाणी कशी गायला? आणि विठ्ठलाची गाणी गाणारा भीमगीतं कशी गायला? आमच्या मते ज्यांना हा प्रश्न पडतो त्यांनी चोखोबांचं चरित्र नीट वाचलं नाही. बाबासाहेबांनी १९४८ मध्ये अस्पृश्यांच्या इतिहासावर इंग्रजीत ग्रंथ लिहिला तो नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तीन संतांच्या स्मृतीला अर्पण केला. चोखोबांनी देवापुढं जे गाऱ्हाणं घातलं तेच गाऱ्हाणं बाबासाहेबांनी सगळ्या देशापुढं मांडलं आणि कायद्यात उतरवलं. गाऱ्हाणं एकच होतं की माणसाला माणूस म्हणा. मंगळवेढ्याच्या मातीतल्या गळ्यातून दोन्ही निघालं तर त्यात नवल काय? गायक म्हंजे नदीसारखा. ती एका काठाची असते का? चंद्रभागेला दोन्ही काठ आहेत, एका काठावर माणसं स्नान करतात, दुसऱ्या काठावरही करतात.

उलट नवल आपलं वाटतं. ज्यांच्या बापजाद्यांना आपण महाद्वारात अडवलं त्यांच्या पोरानं आपल्या देवाचं गाणं इतक्या मायेनं गायलं, की त्यात रागाचा एक सूर नाही, कडवटपणाचा एक शब्द नाही. एवढं मोठं मन आपल्याकडं आहे का? आमच्या दिंडीतले जुने जाणते सांगत, की पहिल्या काही वर्षांत दुसऱ्या वस्तीतले वारकरी आपल्या मागं थोडं अंतर ठेवून चालायचे आणि त्यांची चूल वेगळी असायची. मुखानं भेदाभेद भ्रम म्हणायचं आणि पंगतीत अंतर ठेवायचं. ते मागं पडलं, चांगलं झालं. आज एकच पंगत बसते. पण पंगत एक झाली म्हंजे सगळं झालं असं नाही. मानाचा विणा कुणाच्या गळ्यात, कीर्तनाला उभं कुणाला करायचं, फडाच्या बैठकीत कुणाला विचारायचं, हेही बघावं लागतं. शंभर वर्षांच्या हिशोबात ही बाजू कोरी ठेवून चालणार नाही.

प्रल्हाद शिंदे यांच्या घरात गाणं त्यांच्याबरोबर संपलं नाही. मुलं आनंद, मिलिंद, दिनकर, तिघंही गाणारे. आनंद शिंदे आणि मिलिंद शिंदे यांची नावं तर खेड्यातल्या लहान पोराला ठाऊक आहेत. नातू आदर्श शिंदे आजचा नावाजलेला गायक. दुनियादारी हा सिनेमा २०१३ मध्ये आला, त्यात देवा तुझ्या गाभाऱ्याला हे गाणं त्यानं गायलं. आजोबाच्या आवाजाची जात त्यात ओळखू येते, तोच उघडा गळा, तीच उंच उडी. भगवानराव-सोनाबाईंपासून धरलं तर या चार पिढ्या झाल्या. शेतकऱ्याच्या घरात चार पिढ्या जमीन टिकली तर लोक नशीबवान म्हणतात. यांच्याकडं जमिनीचा तुकडा नव्हे, गळा टिकला. आणि जमीन वाटण्यात तुकडे होऊन कमी होते, गळा वाटला तर वाढतो.

यात आपल्या पोरांसाठी एक शिकवण आहे. आजकाल घरातलं पोर म्हणतं, मला एकट्याला स्टेजवर गायचंय, माझा स्वतःचा अल्बम काढायचाय. काढ बाबा, आम्ही नको म्हणत नाही. पण आधी मागं म्हणायला शीक. आई-बापाच्या, वस्तीच्या, दिंडीच्या मागं म्हणून जो पुढं आला त्याच्या आवाजात त्या सगळ्यांचा आवाज असतो. नुसता एकटा आलेला एकटाच राहतो. प्रल्हाद शिंदे यांच्या तबकडीत त्यांचं एकट्याचं नाव छापलेलं होतं, पण ऐकताना सोनाबाईचा टाळ ऐकू येतो, मांडवातली टाळी ऐकू येते, आणि आम्हाला विचाराल तर मंगळवेढ्याच्या त्या पडलेल्या भिंतीखालचाही आवाज ऐकू येतो.

२००४ साली वामनदादा कर्डक १५ मे ला गेले. त्याच्यामागं सव्वा महिन्यानं, २३ जून ला, प्रल्हाद शिंदे गेले. एका वर्षात लिहिणारा गेला आणि गाणारा गेला. ते दिवस कोणते होते ते पंचांगात बघा. ज्येष्ठ संपून आषाढ लागला होता. एकादशीला आठवडाही राहिला नव्हता. आळंदी-देहूच्या पालख्या पंढरीच्या वाटेवर होत्या, सगळ्या दिंड्या चालत होत्या, आणि वाटेवरच्या प्रत्येक टपरीवर त्यांचंच गाणं वाजत होतं. गाणारा निजला आणि गाणं चालत राहिलं. वारकऱ्याला याहून चांगलं मरण कोणतं? आपण देवाकडं वारीत देह पडावा असं मागतो. त्यांचा देह वारीत नसंल, पण आवाज वारीत होता, आणि तो अजून दर साली वारीत असतो. पालखी निघायच्या आधी रस्त्याच्या कडेला स्पीकर लागतो आणि पहिलं गाणं तेच लागतं.

या शताब्दीच्या निमित्तानं आमची दिंडीतल्या मंडळींना एवढीच विनंती आहे. आता वाटेत ते गाणं कानावर आलं की शेजारच्या पोराला सांगा, हा आवाज प्रल्हाद शिंदे यांचा, मंगळवेढ्याचे, चोखोबांच्या गावचे. आणि महाद्वारापुढं चोखोबांच्या समाधीला हात लावाल तेव्हा या गायकाचीही आठवण ठेवा. त्यांनी आपल्याला वाट चालायला लावली. नाव घेणं हे आपलं काम.